झुनी मडकं पारंपरिक कशावरून? भट्टीवरून तर नक्कीच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीकडे फिनिक्सला गेला होतात, फिरताना न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावातल्या एका दुकानात हरणांची चित्रं असलेलं पांढरं मडकं आवडलं. दुकानदाराने ते ‘पारंपरिक झुनी’, म्हणजे जवळच्या झुनी या आदिवासी गावातलं, म्हणून दाखवलं आणि वर हेही सांगून टाकलं की भाजलंय विजेच्या भट्टीत. मग ते पारंपरिक कसलं, आणि त्याचे एवढे पैसे द्यावेत का?

आधी सरळ उत्तर देते. मडकं हाताने घडवलेलं असेल आणि घडवणारा-रंगवणारा हात झुनीचा असेल, तर विजेच्या भट्टीमुळे ते कमअस्सल ठरत नाही. भट्टीवरून परंपरा मोजायची खोड बहुतेक करून गिऱ्हाइकांची आणि संग्राहकांची. झुनीत ही कला ज्या वाटेने टिकली, त्या वाटेवर शाळेचा एक वर्ग लागतो आणि त्या वर्गात विजेची भट्टीही लागते. मी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या मातीच्या भांड्यांचं जतन आणि दुरुस्तीचं काम करते. जुनी-नवी दोन्ही तऱ्हेची झुनी मडकी हाताखालून जातात, त्यामुळे यावर माझी मतं जरा ठाम आहेत. ती का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

झुनी हे गाव न्यू मेक्सिकोच्या पश्चिम कडेला, गॅलपपासून दक्षिणेला साधारण ५५-६० किलोमीटरवर आहे. तिथले लोक स्वतःला आशिवी म्हणतात, आणि त्यांच्या भाषेचं दुसऱ्या कुठल्याही भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. १५४० मध्ये कोरोनाडो हा स्पॅनिश सरदार हाविकू या त्यांच्या गावावर चालून आला, तेव्हा या खोऱ्यात त्यांची अनेक गावं होती. १६८० मध्ये इथल्या आदिवासी गावांनी स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या पुएब्लो उठावानंतर सगळे दोवा यालाने या उभ्या कड्यांच्या डोंगरावर जाऊन राहिले आणि खाली उतरल्यावर हालोना या एकाच ठिकाणी वसले. आजचं झुनी ते हेच. पाऊस वर्षाला जेमतेम ३० सेंटिमीटर. मडक्यावर बेडूक, बेडकाची पिल्लं, चतुर, ढगांच्या पायऱ्या एवढ्या का दिसतात, याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे.

आता घडवण्याबद्दल. जुन्या काळी माती दोवा यालाने डोंगरावरून आणत. १८८० च्या दशकातली एक नोंद मला फार आवडते. मटिल्डा कॉक्स स्टीव्हन्सन ही संशोधक वेवा नावाच्या कारागिरासोबत माती आणायला गेली होती. वेवा हे तेव्हाचं झुनीतलं मोठं नाव. जन्माने पुरुष, पण बायकांचा पोशाख करून बायकांची मानलेली कामं करणारं, म्हणजे ज्यांना झुनीत ल्हामाना म्हणतात त्यांतलं. विणकाम आणि मातीकाम दोन्ही उत्तम. १८८६ मध्ये वेवाने वॉशिंग्टनमध्ये काही महिने काढले आणि तिथे अध्यक्ष क्लीव्हलंड यांचीही भेट घेतली. तर मातीच्या जागेजवळ पोचल्यावर वेवाने स्टीव्हन्सनबाईंच्या नवऱ्याला मागेच थांबवलं, कारण पुरुषांनी तिथे जायचं नसतं. बाईंनाही गप्प राहायला सांगितलं. बोललो तर मडकी भाजताना तडकतील, आणि सतत प्रार्थना केली नाही तर माती सापडायचीच नाही, असं कारण दिलं. आज कोण किती पाळतं हे ज्याच्या-त्याच्या घरचं, पण मातीला ‘कच्चा माल’ समजणारा कुंभार तिथे विरळा.

नुसती माती वापरली तर सुकताना भेगा पडतात आणि भाजताना आत अडकलेली वाफ मडकं फोडते. म्हणून तिच्यात भर घालावी लागते. झुनीत ही भर म्हणजे जुन्या फुटक्या भांड्यांची दळलेली खापरं. खापर आधीच भाजलेलं असल्यामुळे पुन्हा आकसत नाही, आणि तापताना त्याचं वागणं नव्या मातीशी बरंचसं जुळतं. भिंगाखाली तुटलेली कड धरली की राखाडी अंगात बारीक टोकदार कण दिसतात, एखाद्या कणाला अजून जुना पांढरा लेप चिकटलेला असतो. आधीच्या पिढीचं मडकं पुढच्या पिढीच्या मडक्याच्या अंगात असं शब्दशः भरलेलं असतं. माझ्या कामातली ही सगळ्यात आवडती गोष्ट.

चाक वापरत नाहीत. खोलगट थाळीत बुड थापायचं, त्यावर मातीच्या वळ्या रचत, चिमटीने सांधत वर न्यायचं, आणि भोपळ्याच्या तुकड्याने खरवडत पोटाला फुगवटा द्यायचा. पाण्याच्या घागरीच्या बुडाला आतल्या बाजूने खळगा ठेवतात, म्हणजे ती डोक्यावर नीट बसते. खाली युक्का या घायपातीसारख्या वनस्पतीच्या पातीची चुंबळही असे. घागरी डोक्यावर तोलून नाचणाऱ्या बायकांचे संच आजही झुनीतून बाहेरगावी कार्यक्रमांना जातात. सुकलेलं मडकं घासून गुळगुळीत केलं की केओलिन या पांढऱ्या मातीचा लेप देतात आणि लेप ओलसर असतानाच गोट्याने घोटतात. काळ्या-तपकिरी रंगासाठी एक रानटी झुडूप उकळून, आटवून काळा अर्क करतात आणि त्यात लोहयुक्त दगड उगाळतात. हे झुडूप आपल्या तिळवणीच्या कुळातलं, आणि गंमत म्हणजे कोवळेपणी त्याचीही भाजी खातात. तांबड्यासाठी गेरूच्या जातीची माती. कुंचला म्हणजे युक्काच्या पानाची पट्टी. तिचं टोक दातांनी चावून तंतू मोकळे करायचे. या कुंचल्याचे केस लांब असतात, त्यामुळे रेघ सोडता-सोडता ओढावी लागते. सरळ उभी रेघ वक्र पोटावर अशी ओढून पाहा एकदा, मग त्या बारीक तिरप्या समांतर रेघांनी भरलेल्या पट्ट्यांकडे बघायची नजर बदलेल.

आणि मग भाजणं. जुनी रीत अशी की मेंढवाड्यात तुडवून घट्ट झालेल्या लेंड्यांच्या थराचे चौकोनी तुकडे कापायचे, वाळवायचे, आणि मडक्यांच्या भोवती-वर रचून उघड्यावर आवा पेटवायचा. तापमान साधारण ७०० ते ९०० अंशांच्या घरात जातं. वाऱ्याची एक झुळूक आडवी आली की मडकं तडकतं. लेंडीचा तुकडा अंगाला टेकला की काळा डाग पडतो. विजेच्या भट्टीला नाक मुरडणाऱ्यांना मी इथे एक आठवण करून देते: मेंढ्या अमेरिकेत स्पॅनिश लोकांनी आणल्या. त्याआधीच्या झुनी बायका लेंड्यांवर भाजूच शकत नव्हत्या, लाकूड जाळत होत्या. म्हणजे ज्याला आपण अस्सल जुनी रीत म्हणतो, तीही एकेकाळी बाहेरून आलेल्या जनावराच्या भरवशावर बसलेली नवी सोय होती.

चित्रांची भाषा मात्र सहज बदललेली नाही. मानेची नक्षी आणि पोटाची नक्षी वेगळी धरायची, मधे पट्टीने सीमा आखायची. पोटावर मोठी गोल फुलं, त्यांच्यामध्ये कमानीसारख्या घरात उभी हरणं. हरणाच्या तोंडापासून काळजापर्यंत एक तांबडी बाणदार रेघ जाते, ती त्याच्या श्वासाची, प्राणाची वाट. पाठीमागे शेपटीजवळ पांढरा ठिपका सोडलेला असतो. दुसरं मोठं घराणं पर्जन्यपक्ष्याचं. वळत जाणारं वेटोळं, ते पक्षी आहे हे सांगितल्याशिवाय बहुतेकांना कळतही नाही. आणि मानेभोवतीची आडवी रेघ नीट पाहा: जुन्या मडक्यांत ती पूर्ण फिरून जुळत नाही, बोटभर फट सोडलेली असते. १८७९ पासून काही वर्षं झुनीत राहिलेल्या फ्रँक कुशिंग या संशोधकाने लिहून ठेवलंय की मडक्याच्या जिवाला बाहेर पडायची वाट म्हणून ती फट असते. दुरुस्तीला आलेल्या मडक्यात ही फट ‘राहून गेलेली’ समजून कुणी तरी रंगाने भरून टाकलेली मी पाहिली आहे. ती मोकळी करायला कापसाच्या काडीने कित्येक तास जातात.

१९२४-२५ च्या सुमारास रूथ बन्झेल ही न्यूयॉर्कची तरुण अभ्यासक झुनीत येऊन बायकांकडून मातीकाम शिकली. तिने टिपून ठेवलेली एक गोष्ट आजच्या कारागिरांनाही लागू पडते. कच्चं चित्र काढायची पद्धत नाही. बाई मडकं हातात फिरवत बसते, हाताच्या अंतराने पोटाचे भाग पाडते, आणि मग आख्खी नक्षी डोक्यात तयार झाल्यावरच कुंचला टेकवते. कित्येकींना नक्षी स्वप्नात दिसते.

इथपर्यंत सगळं अखंड वाटतं. तसं ते नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या तुटीत आहे.

१८८१ मध्ये रेल्वे गॅलपला पोचली. पाठोपाठ पत्र्याच्या बादल्या आणि इनॅमलची भांडी आली. पाण्यासाठी जड घागर घडवायची गरज हळूहळू संपली. विसाव्या शतकात चांदी आणि फिरोजा (टर्कॉइज) खड्यांच्या दागिन्यांना व्यापाऱ्यांकडून मागणी आली. त्यात रोख पैसा होता आणि घरात बसून करता येण्याजोगं काम होतं, त्यामुळे घरंच्या घरं तिकडे वळली. शतकाच्या मध्यावर मातीकाम करणारे हात अगदी थोडे उरले. बंद मात्र पडलं नाही, कारण धार्मिक विधींना मडकी-वाडगी लागतच होती. मक्याचं पीठ ठेवायचे वाडगे, ज्यांच्या काठाला ढगांसारख्या पायऱ्या असतात, ते पत्र्याचे करून चालत नाहीत.

रेल्वे आली त्याच सुमाराला दुसरीकडे उलटा प्रवाह होता. १८७९ पासून स्मिथसोनियन या वॉशिंग्टनच्या संग्रहालय-संस्थेच्या मोहिमांनी झुनीतून मडकी गाड्या भरभरून वॉशिंग्टनला नेली. हजारोंच्या संख्येने. घराघरांतून वापरातली, चांगली, आजीच्या हातची भांडी गेली. म्हणजे नव्या पिढीला बघून शिकायला घरात काही उरलं नाही, आणि उत्तम नमुने तीनेक हजार किलोमीटरवर फडताळात.

मग शिकवलं कोणी? गावातल्याच काही जाणत्या बायकांनी, कॅटलिना झुनी यांच्यासारख्यांनी, शाळेत मुलींना शिकवलं. पण पुढे ज्या दोन बायकांनी वर्ग भरवले, त्या दोघीही जन्माने झुनी नव्हत्या. डेझी हूई या शेजारच्या होपी-टेवा समाजातल्या, तिथल्या विख्यात कुंभार नाम्पेयो यांची नात. लहानपणी मोतीबिंदूने जवळजवळ आंधळ्या झालेल्या. एका श्रीमंत अमेरिकन बाईंनी शस्त्रक्रिया करवली आणि पुढे पॅरिसला शिल्पकला शिकायला पाठवलं. लग्नाने झुनीत आल्या, आधी दागिन्यांत काम केलं, आणि १९६० च्या दशकात झुनी हायस्कूलमध्ये मातीकाम शिकवायला लागल्या. त्यांनी होपी नक्षी शिकवली नाही. जुनी झुनी नक्षी शोधून तीच मुलांच्या हातात दिली. त्यांच्यानंतर जेनी लाटे आल्या, त्या न्यू मेक्सिकोतल्याच ॲकोमा या दुसऱ्या आदिवासी गावच्या, त्याही लग्नाने झुनीतल्या. ग्वाल्हेरच्या गुरूने आग्र्याची तालीम द्यावी आणि शिष्याने मैफिलीत अस्सल आग्रा गावं, तसं झालं. लाटेबाईंच्या हाताखालून शेकडो मुलं-मुली गेली. वर्ग म्हटला की घंटा आली, तासिका आली, दर आठवड्याला तीस पोरांची वाडगी आली. ती उघड्या आव्यात भाजणं अशक्य. म्हणून विजेची भट्टी. अँडरसन पेनेत्सा, त्यांच्या घरातली प्रिसिला आणि आग्नेस, नोरीन सिम्प्लिसियो ही आज संग्रहालयांत दिसणारी नावं याच वर्गातली. नोरीनच्या काही मडक्यांत तोंडापाशीच आख्खं गाव वसलेलं असतं, शिड्यांसकट. ही मडकी पारंपरिक नाहीत म्हणायचं तर मग झुनीत गेल्या पन्नास वर्षांत काय झालं, याला नावच उरत नाही.

दुसरी वाट नाहोहाई कुटुंबाची. जोसेफीन नाहोहाई (१९१२–२००६) घरच्या वडीलधाऱ्या बाईंकडून शिकल्या होत्या, मक्याच्या पिठाचे वाडगे आणि मातीची घुबडं करत. १९८० च्या दशकात त्या आणि त्यांचे मुलगे मिलफर्ड आणि रँडी वॉशिंग्टनला गेले आणि स्मिथसोनियनच्या कोठारात ठेवलेली आपल्या गावची मडकी हातात घेऊन बघितली. रँडीच्या नंतरच्या कामात जुन्या घागरींची मोठी, मोकळी मांडणी उघड दिसते. त्यांच्या पत्नी रोवेना हिम आणि मुलगा जेसी यांनीही तीच वाट धरली. मुलगे, नातू हे शब्द लक्षात घ्या. एकेकाळी मातीच्या खाणीजवळ फिरकायचीही बंदी असलेले पुरुष आता सर्रास हे काम करतात.

घुबडांचं घराणं वेगळं. नेली बीका, मग क्वानिटा कालेस्तेवा, मग एर्मा, असं आईकडून मुलीकडे आलेलं. अंगावर पिल्लं चिकटलेलं घुबड दिसलं की आधी या घराची आठवण काढायची.

उघड्या आव्याचा हट्ट धरणारेही झुनीतच आहेत. आयलीन यात्साट्टी स्थानिक माती, रानातले रंग आणि लेंड्यांचा आवा यांवर ठाम असतात. दिवंगत टिम एडाकी यांनी होपी कुंभार बॉबी सिलास यांच्यासोबत त्याहून जुन्या, स्पॅनिशांच्या आधीच्या भांड्यांची रीत पुन्हा जमवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या टोकाला लेस नामिंघा, आई झुनी आणि वडील होपी-टेवा, ते पारंपरिक अंगाच्या मडक्यावर ॲक्रिलिक रंगसुद्धा वापरतात. हा वाद त्यांचा आहे आणि तो त्यांनी घालावा. दुकानात उभं राहून आपण निवाडा देऊ नये.

आपण काय बघायचं ते वेगळं. पहिली गोष्ट म्हणजे घडण. खरी गडबड ओतीव भांड्यांत असते. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून काढलेलं तयार भांडं विकत आणून त्यावर नुसतं रंगवलेलं. मडक्यात हात घालून आतून फिरवा. वळ्यांनी घडवलेल्या भिंतीत हलके उंचवटे लागतात, जाडी कमी-जास्त होते, बोटांच्या खुणा मानेखाली हमखास सापडतात, कारण तिथे खरवडणी पोचत नाही. ओतीव भांडं सगळीकडे सारखंच पातळ, आतून साबणासारखं गुळगुळीत, आणि पुष्कळदा साच्याच्या जोडाची पुसट रेघ राहिलेली असते. टिचकी मारून आवाज ऐकणारे खूप भेटतात. टिचकीने भेग कळते, अस्सलपणा नाही. आणि एक लक्षात ठेवा: १९९० च्या कायद्याने बिगर-आदिवासी माल ‘आदिवासी कारागिराचा’ म्हणून विकणं गुन्हा आहे, पण ओतीव भांड्यावर आदिवासी कारागिराने रंगवलं तर ते या कायद्याच्या कचाट्यात येईलच असं नाही. त्यामुळे ‘कायदेशीर प्रमाणपत्र आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका.

दुसरी गोष्ट हरणाची. काळजाची रेघ असलेलं हरीण म्हणजे झुनीच, असं समजू नका. ॲकोमाच्या लूसी लुईस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ही नक्षी आपल्या कामात आणली आणि ती तिथे रुळली. वजनाने फरक कळतो. ॲकोमाची माती फार पातळ घडते, हातात घेतल्यावर मडकं अपेक्षेपेक्षा हलकं लागतं. झुनीचं अंग जाड. जुन्या मडक्यांत बुडाकडची पट्टी बघा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या झुनी घागरींची ती बहुधा गडद तपकिरी-काळी असते, ॲकोमाची नारिंगी-तांबडी.

दुकानदाराला विचारा: कोणी केलं, हाताने घडवलंय की साच्यातलं, कारागीर कोणाकडे शिकला. बुडावर सही असेल तर तिच्याशी उत्तर जुळवा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं तर तो दुकानदार बरा. जमलं तर सरळ झुनीलाच जा, तिथे ‘आशिवी आवान’ हे गावाचं स्वतःचं संग्रहालय आहे, कारागीर घरूनही विकतात. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या, विधींचे फोटो तर नाहीतच. रस्त्याकडेला पडलेलं खापर आठवण म्हणून खिशात घालू नका, तो गुन्हा आहे. अंगावर फिरोजाचा चुरा आणि ‘फेटिश’ म्हणजे कोरलेले छोटे दगडी प्राणी चिकटवलेले वाडगे पहिल्या खरेदीला टाळा, त्यांत बाजारू नकला भरपूर.

घेतलंत तर सांभाळणं सोपं आहे. त्यात पाणी घालू नका, ताजी फुलं तर अजिबात नाही. अंगातले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पांढऱ्या लेपाचे पापुद्रे सुटतात. जुन्या घागरींचं बहुतेक नुकसान याच कारणाने झालेलं असतं. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरडा कुंचला पुरे. मुंबई-कोकणात असाल तर बाहेरच्या भिंतीपासून दूर, बंद काचेच्या कपाटात ठेवा. उचलताना काठाला धरू नका, एक हात बुडाखाली हवा. फुटलंच तर झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो नीट काढता येत नाही, आणि सांधा किंचित चुकला की शेवटचा तुकडा बसतच नाही. सगळे तुकडे, चुरासुद्धा, एका डब्यात ठेवून जतन करणाऱ्याकडे न्या. आम्ही पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक राळेसारखं द्रव्य वापरतो, ते ॲसिटोनने केव्हाही सोडवता येतं.

आणायचं ते हातसामानातून. आधी बिनशाईच्या पांढऱ्या कागदात गुंडाळा, वर्तमानपत्राची शाई लेपाला लागते. पोकळीत कागद सैलसर भरा, ठासू नका, आणि मडकं खोक्यात आडवं न ठेवता बुडावर बसवा.